तीनशेचे दहा

थोरल्यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या तागड्या तपासल्या. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पिशवीतून सरकारी वजनं काढायची, दुकानदाराच्या पारड्यात ठेवायची आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, हे त्यांचं काम. कुणी चहा विचारला तर नको म्हणायचे, पाणी विचारलं तर आपल्या बाटलीतलं प्यायचे. बाजारात त्यांना तागडीसाहेब म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी आठवडाभर रेडिओशी ताडून पाहिलं आणि ‘दिवसाला चार सेकंद मागे पडते’ अशी चिठ्ठी लावून खात्याला परत केलं.

असा माणूस इंटरनेटचं कनेक्शन घेतो तेव्हा कंपनीची कीव करावी. पण कंपनीला हे ठाऊक नव्हतं. तिने आनंदाने कनेक्शन दिलं.

थोरल्यांची मागणी तशी मोठी नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी परदेशात नोकरीला होती, तिला अकरा महिन्यांची मुलगी होती, आणि दर रविवारी सकाळी दहाला ती नात टॅबच्या पडद्यावर येत असे. येत असे म्हणजे तिचे तुकडे येत. आधी कपाळ यायचं, बऱ्याच वेळाने एक कान, मग सगळं चित्र गोठायचं आणि मुलीचा आवाज पुढे निघून जायचा. बाबा, बघितलंत का कशी हसली, असं तो आवाज विचारायचा. पडद्यावर तेव्हा नुसते गुलाबी चौकोन असायचे. थोरले खोटं बोलत नसत. नाही दिसली, असं सांगायचे. त्यांचा फोन बटणांचा, घराच्या भिंती जाड, मोबाइलला धड रेंज नाही. जे काय दिसायचं ते या कनेक्शनवरच. अकरा महिन्यांत त्यांनी नातीला हसताना एकदाही पाहिलं नव्हतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत असे.

वाईट वाटलं की माणसं रडतात, चिडतात. थोरले मोजतात. रोज सकाळी सहाला ते टॅबवर नेटचा वेग मोजायचे. एकदा नाही, चाळीसदा. त्यातले सर्वांत जास्त पाच आणि सर्वांत कमी पाच आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्या तिसांची सरासरी वहीत लिहायचे. दुपारी बाराला परत चाळीसदा, संध्याकाळी सहाला परत चाळीसदा. वही सांगत होती की सकाळी वेग दहा असतो आणि दुपारी, संध्याकाळी अर्धा. पाच नव्हे, शून्य पूर्णांक पाच. प्लॅन मात्र तीनशेचा होता.

यावर थोरल्यांचा सिद्धांत तयार होता. दूधवाले पहाटेच्या गिऱ्हाइकाला घट्ट दूध देतात आणि उशिराच्याला पाणी, तसलाच हा प्रकार. त्यांनी प्लॅन पन्नासाचा शंभर केला, शंभराचा दोनशे, दोनशेचा तीनशे. दर वेळी कंपनीने अभिनंदन केलं. दर वेळी वहीत सकाळी दहा आणि नंतर अर्धा. तक्रार केली की कंपनी तिच्या बाजूने तपासायची आणि सांगायची, आमच्याकडून पूर्ण तीनशे जातंय साहेब. तीन वेळा माणूसही येऊन गेला. पहिला म्हणाला राउटर जुना आहे, म्हणून राउटर बदलला. दुसरा म्हणाला भिंती जाड आहेत. त्या बदलता येईनात. तिसरा म्हणाला टॅब म्हातारा झालाय, आणि तसं म्हणताना त्याने टॅबकडे पाहिलं नाही, थोरल्यांकडे पाहिलं. तारांची पेटी अंगणात, छपराच्या वळचणीला होती. ती तिघांनीही उघडली नाही, कारण तिच्यावर गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

आता त्या पेटीत काय होतं ते सांगायचं तर भिंतीपलीकडे जावं लागेल. भिंतीपलीकडे धाकटे राहत.

धाकटे म्हणजे थोरल्यांचे सख्खे भाऊ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, आणि गणिताचे असूनही आयुष्यात कधी हिशेब न केलेले. दुकानदार देईल ती मोड खिशात टाकायचे. एक घर, मध्ये भिंत, भिंतीत एक दार. आई गेली तेव्हा तिची पितळेची भांडी दोघांत वाटायची वेळ आली. थोरल्यांनी तागडी काढली. एका पारड्यात हंडा, दुसऱ्यात परात, मग तांबे, मग डाव, असं करत दोन ढीग लावले. शेवटी एकशेवीस ग्रॅम जुळेनात. तेवढे त्यांनी धाकट्याच्या ढिगात टाकले, कारण तो धाकटा होता. हे ते बोलले मात्र नाहीत. धाकट्यांना दिसलं ते एवढंच की आईला जाऊन तेरा दिवस होत नाहीत तोच भावाने तिची भांडी तागडीत घातली. त्यांनी आपला ढीग उचलला आणि मधलं दार ओढून घेतलं. थोरल्यांनी दारासमोर आपल्या बाजूने कपाट सरकवलं. मग धाकट्यांनीही त्यांच्या बाजूने कपाट सरकवलं. त्याला चार वर्षं झाली होती. एकशेवीस ग्रॅमची गोष्ट थोरल्यांच्या मनात तशीच सलत होती. चांगलं करून वाईट झालो, असं त्यांना वाटे.

इंटरनेट त्याच महिन्यात आलं. थोरल्यांनी एक कनेक्शन मागवलं, धाकट्यांनी वेगळं. थोरल्यांनी मध्यम घेतलं, धाकट्यांनी सगळ्यात लहान: वेग दहा, रोजचा कोटा ठरलेला, तो संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत वेग अर्धा. तार जोडणारा एकच माणूस आला, दोन्ही तारा पेटीपर्यंत आणल्या आणि अडला. घर क्रमांक एक, आडनाव एक. त्याने थोरल्यांना विचारलं, यातली तुमची कुठली? थोरले म्हणाले, तिकडे विचारा. त्याने धाकट्यांना विचारलं. धाकटेही म्हणाले, तिकडे विचारा. तो दोनदा इकडून तिकडे गेला. तिसऱ्यांदा कुणाकडेच न जाता त्याने मनाला येईल तशा तारा खोचल्या आणि निघून गेला. त्याला तरी काय बोलणार.

तेव्हापासून थोरल्यांचे पन्नास, शंभर, दोनशे आणि तीनशे पलीकडे जात होते. धाकटे सगळ्यात लहान प्लॅनवर मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेत, चित्र आरशासारखं, आणि ते येईल त्याला ही कंपनी किती चांगली आहे ते सांगत. आजचा कोटा संपला असा मेसेज त्यांना रोज सकाळी सातच्या सुमारास यायचा. नेट तर मस्त चालू असायचं. कंपनी सकाळी सकाळी आठवण काढते, असं धरून ते दात घासायला जायचे.

त्या आठवड्यात थोरल्यांचा संयम सुटला. मुलीने सांगितलं होतं की पोरगी आता धरून उभी राहते, हात सोडून एखादं पाऊल टाकेल असं दिसतंय, रविवारी तुम्हाला दाखवतेच. थोरल्यांनी सोमवारीच दुसऱ्या कंपनीत नाव नोंदवलं. ती कंपनी म्हणाली, आजपासून पाच कामाचे दिवस. जुनी आधी बंद करू नका, असंही म्हणाली. पण फसवणाऱ्या दुकानाची पायरी आणखी इतके दिवस चढायची, हे थोरल्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्व आणि नातीची पावलं एकाच वाटेवर येतील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रविवारच्या आत नवं येईल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कामाचे दिवस आणि साधे दिवस यांतला फरक निरीक्षकाला कळू नये, हे नवलच.

कनेक्शन घ्यायला चार मिनिटं लागली होती. तोडायला नमनालाच घडाभर तेल. आधी यंत्राने भाषा विचारली, मग बटणं दाबायला सांगितली, मग आपला कॉल महत्त्वाचा आहे असं सांगून एकोणीस मिनिटं पेटी वाजवली. थोरल्यांनी एकोणीस मिनिटं वहीत लिहिली. शेवटी एक मुलगी आली. तिने कारण विचारलं आणि यादी वाचली: घर बदलणं, परवडत नाही, वेग, इतर. थोरले म्हणाले, माप. ती म्हणाली, म्हणजे इतर लिहू? मग तिने खास त्यांच्यासाठी सहाशेचा प्लॅन देऊ केला. तीनशेचे दहा देता, सहाशेचे वीस द्याल, ते म्हणाले. तिने वरिष्ठांना जोडून दिलं. वरिष्ठांनीही सहाशेच देऊ केले, फक्त जाड आवाजात. मग पुन्हा ती मुलगी. कनेक्शन शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होईल, असं सांगून तिने आमच्या सेवेला एक ते दहात किती गुण द्याल ते विचारलं. थोरल्यांनी विचारलं, एकक काय?  मग तिने फोन ठेवला.

शुक्रवारी पावणेपाचला थोरले टॅब मांडीवर घेऊन बसले. पाच वाजले. भिंतीपलीकडून रोज या वेळेला धाकट्यांचा आवाज यायचा. चार वर्षं थोरले भिंतीच्या अलीकडे बसून त्यांचे अपूर्णांक ऐकत होते, आणि कुठलासा मुलगा छेद विसरला की इकडे पुटपुटत होते. आज त्यांचं लक्ष टॅबवर होतं. टॅब चालू होता. पाच वाजून दहा मिनिटं, तरी चालू. त्यांनी कंपनीला फोन लावला. तुमचं कनेक्शन बंद झालंय, कंपनी म्हणाली. चालू आहे, थोरले म्हणाले. आमच्याकडे बंद दिसतंय. माझ्याकडे चालू दिसतंय. मग वापरा ना साहेब, असं पलीकडचा म्हणाला आणि थोरल्यांचा चेहरा पडला. बत्तीस वर्षांत ज्याने दुकानदाराच्या घरचं पाणी घेतलं नाही, त्याच्या घरात आता फुकटचा माल येत होता.

ते वही घेऊन बसले. पन्नासाचा प्लॅन, सकाळी दहा. शंभराचा, दहा. दोनशेचा, दहा. तीनशेचा, दहा. शून्याचा अजून मोजला नव्हता, पण पैज लावायला हरकत नव्हती. मारलेली तागडी प्रमाणात मारते, हे ते नव्या निरीक्षकांना शिकवत असत. किलोला पन्नास ग्रॅम खाणारी दहा किलोला पाचशे खाते. ही तागडी काही खातच नव्हती. ती चार वर्षं अगदी बिनचूक दहा दाखवत होती. माप पूर्ण होतं, माल दुसऱ्या कुणाचा तरी होता.

मग त्यांना जाणवलं की भिंतीपलीकडे अपूर्णांक नाहीत. नुसतं हॅलो, हॅलो चाललंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. थोरल्यांनी स्टूल उचललं आणि अंगणात आले. गांधीलमाश्यांसाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला, काठीने पोळं डिवचलं. ते खाली पडलं आणि फुटलं. आत काही नव्हतं. कधी काळी माश्या असतील तर असतील. पेटीत दोन तारा होत्या, दोन्हींवर चिठ्ठी, दोन्ही चिठ्ठ्यांवर तेच आडनाव. एकीपुढे हिरवा दिवा, दुसरीपुढे अंधार.

तारांची अदलाबदल करायची की झालं. पण केली की हिरवा दिवा धाकट्याकडे जाणार आणि आपण कनेक्शन तोडून बसलेले. नवी कंपनी येणार सोमवारी. रविवारी नात पाऊल टाकणार आणि आपण काळ्या पडद्यासमोर बसणार. सोमवारी बदलल्या तरी कुणाला काय कळणार होतं? धाकट्याला तर आयुष्यात कधी काही कळलं नव्हतं. स्टुलावर उभं राहून थोरल्यांनी हा विचार पूर्ण केला. त्यांना ती पावलं पाहायची होती, फार पाहायची होती. मग त्यांनी दोन्ही तारा उपसल्या आणि अदलून खोचल्या.

पलीकडून आवाज आला, मुलांनो, ऐकू येतंय का? आणि लगेच, आता का अडकतोय रे हा? थोडा वेळ गेला. मग दार उघडून धाकटे अंगणात आले. समोर चार वर्षं न बोललेला भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून स्टुलावर उभा.

"दादा, काय करतोयस?" धाकट्यांनी विचारलं.

थोरल्यांनी तिथूनच सगळं सांगितलं, अहवाल वाचावा तसं. तुझी तार माझ्याकडे होती, माझी तुझ्याकडे. मी माझं तोडलं म्हणून तुझं गेलं. आता तुझं तुला दिलंय. चित्र अडकतंय कारण तुझा प्लॅन फालतू आहे, कोटा संपला की अर्धा होतो. धाकटे म्हणाले, पण आज तर मी शिकवणी सुरूही केली नव्हती, कोटा कुणी संपवला? आणि मग त्यांनी खिशातून फोन काढून सकाळचा मेसेज दाखवला. सहा वाजून बावन्न मिनिटं.

थोरले मेसेजकडे पाहत राहिले. चाळीसदा. रोज सहाला चाळीसदा. आज सकाळीही मोजलं होतं. वेग मोजायलाही नेट लागतं, हे त्यांना माहीत होतं. किती लागतं ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. चार वर्षं कुंपणच शेत खात होतं, आणि रविवारी नातीला नीट पाहायचं म्हणून ते सकाळी जरा जास्तच काळजीने मोजत.

"मीच संपवला," ते म्हणाले.

धाकटे हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले की पुतणी त्यांनाही रविवारी फोन करते, अकराला. नात त्यांना चांगली स्वच्छ दिसते, दोन दात आलेत ते मोजता येतात. थोरल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या तीनशेवर आपली नात हा चार भिंतींआड एकटाच पाहत होता, हे ऐकून त्यांच्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तुला एकशेवीस ग्रॅम जास्त दिले होते मी."

"माहीत आहे," धाकटे म्हणाले. "वाण्याकडे नेऊन वजन केलं होतं."

थोरले स्टुलावरून उतरले. आपला भाऊ काही मोजतो, ही गोष्ट त्यांना साठ वर्षांत पहिल्यांदा कळत होती. मग बोलला का नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. आपण तरी कुठे बोललो होतो. धाकट्यांनी फुटकं पोळं पायाने बाजूला सारलं आणि म्हणाले, रविवारी दहाला इकडे ये. प्लॅन वाढवायला त्यांनी तिथूनच फोन लावला. वाढलेला प्लॅन पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, असं कंपनीने सांगितलं.

"आणि सकाळी मोजू नकोस," जाताना धाकटे म्हणाले.

रविवारी थोरल्यांनी मोजलं नाही. मोजायला काही नव्हतंच. दहाला ते धाकट्यांच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले. कोपऱ्यात आईचा हंडा होता, घासलेला. धाकट्यांचा शिकवणीचा पडदा उजळला आणि नात आली. सगळी एकदम आली, कपाळ, कान, हनुवटी, एकाच वेळी. तिने आजोबांकडे पाहिलं आणि हसली. डाव्या गालाला खळी पडली. त्या दोघांच्या आईला पडायची तिथेच.

"हे तू मला सांगितलं नाहीस," थोरले म्हणाले.

"कसं सांगणार होतो," धाकटे म्हणाले.

मुलीने दोघांना एका पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने पोरीला सोफ्याला धरून उभं केलं. पोरगी उभी राहिली आणि पाऊल टाकायच्या ऐवजी सोफ्याचं कापड चाटू लागली. खेळणं दाखवलं, टाळ्या वाजवल्या. पोरगी खाली बसली, परत उठली, परत बसली. वीस मिनिटं गेली. पस्तीस गेली. थोरल्यांना कोटा पाठ होता. फोनवरचं चित्र किती खातं ते त्यांनी काल कागदावर मांडलं होतं, आणि जास्तीत जास्त एक्केचाळीस मिनिटं निघत होती. ते कुणाला बोलले नाहीत. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि ते बरोबर असेल की नाही याची त्यांना शंका आली.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला पोरीने हात सोडला. एक पाऊल टाकलं. हलली, सावरली. दुसरं टाकलं. तिसऱ्यासाठी पाय उचलला आणि धाकट्यांच्या खिशात फोन टुणकन वाजला. पडद्यावर नात एका पायावर उभी राहिली, दुसरा हवेत, तोंड उघडं, हलेना. आवाज तेवढा येत राहिला, टाळ्यांचा आणि मुलीच्या हसण्याचा.

"बाबा, दिसली ना? किती टाकली, सांगा बघू?"

थोरल्यांनी हवेतल्या पायाकडे पाहिलं.

"तीन," ते म्हणाले.

"दोनच हो. तिसऱ्याला आपटली."

 थोरल्यांनी आयुष्यात चुकीचं माप कधी दिलं नव्हतं, आणि आता दिलेलं मागे घ्यायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. धाकटे त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकले.

"असू दे गं," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या मापात पहिल्यापासून थोडं जास्तच असतं."